बटणाला काय ठाऊक?

(आकाशवाणीसाठी दिलेल्या भाषणाचा संपादित अंश)



मी कविता लिहिणारा माणूस. बी.ए. झालो तोही मराठी घेऊन. यंत्रातलं मला काही कळतं असा कुणाचा समज नाही, माझा तर नाहीच नाही. तरीही आज मी टीव्हीच्या रिमोटबद्दल बोलणार आहे. त्याला कारण झाला धुळ्याहून आलेला एक फोन.

मी जळगावला असतो, अम्मी धुळ्याला. एका संध्याकाळी तिचा फोन आला, "बेटा, टीवी नीला हो गया." आवाज रडवेला. मी विचारलं, कुठलं बटण दाबलंस? ती म्हणाली, रोज दाबते तेच. मग अर्धा तास आमची शोधाशोध चालली. वरून दुसरी ओळ, डावीकडून तिसरं बटण. ती विचारी, "कौनसा रिमोट, बडा या छोटा?" कारण घरात रिमोट दोन, एक टीव्हीचा आणि एक त्या डब्याचा, म्हणजे सेट-टॉप बॉक्सचा. शेवटी शेजारचा शाळकरी मुलगा आला, त्याने एक बटण दाबलं आणि चित्र परत आलं. अम्मीने चुकून टीव्हीच्या रिमोटवरचं 'सोर्स' दाबलं होतं. टीव्ही डब्याकडे पाहायचं सोडून दुसऱ्याच रिकाम्या वाटेकडे पाहत बसला होता.

फोन ठेवताना ती म्हणाली, पूर्वी बटण दाबलं की काय होतंय ते दिसायचं. आता काहीच दिसत नाही.

हे वाक्य डोक्यातून जाईना. बटणात आणि त्याच्या कामात असा काय फरक पडला? मी वाचत गेलो, जाणकारांना विचारत गेलो. जे हाती लागलं ते आज सांगतो.

सुरुवात आमच्या नानांपासून करू. नाना रेल्वेत होते, भुसावळजवळच्या एका छोट्या स्टेशनच्या केबिनमध्ये. धुळ्याहून चाळीसगावपर्यंत एक गाडी, तिथून दुसरी, असा आमचा आजोळचा प्रवास. त्या केबिनमध्ये उंच लोखंडी दांड्यांची रांग होती. लाल रंगाच्या दांड्या सिग्नलच्या, काळ्या रूळ बदलण्याच्या. नाना दोन्ही हातांनी दांडी ओढत, खाली तारा करकरत आणि दूरवर, नजर पोचेल न पोचेल अशा ठिकाणी, सिग्नलचा हात खाली येई. "सिग्नल पडला" असं आपण म्हणतो ते त्यामुळेच. माझ्या आयुष्यात पाहिलेला पहिला रिमोट कंट्रोल तो.

त्या दांड्यांची एक खुबी होती. एक सिग्नल पडलेला असताना त्याच्या विरोधातली दुसरी दांडी कितीही जोर लावला तरी हलत नसे. जॉन सॅक्सबी नावाच्या इंग्रज माणसाने १८५६ साली अशा अडसराच्या रचनेचं पेटंट घेतलं. माणूस चुकणार हे गृहीत धरून ती केली होती. दोन गाड्या समोरासमोर येतील असा हुकूम देताच येऊ नये, अशी सोय त्या लोखंडातच होती. हा अडसर लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

आता टेपरेकॉर्डरकडे येऊ. १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात फिलिप्स कंपनीने छोटी कॅसेट जगापुढे मांडली. खानदेशात ती घराघरांत शिरली ती सत्तर-ऐंशीच्या दशकात. धुळ्याला पाच कंदिलाजवळ रेडिओ दुरुस्त करणारे एक चाचा बसत. मी शाळा सुटली की तिथे जाऊन उभा राही. त्यांनी एकदा झाकण काढलेल्या टेपचं बटण मला दाबायला दिलं. 'प्ले' दाबताच आतली एक पट्टी पुढे सरकली, तिच्यावरचं चुंबकाचं हेड फितीला टेकलं, रबराच्या रोलरने फीत धरली आणि उजवं चाक फिरू लागलं. मधे काही मध्यस्थ नव्हता. बटण हेच कामाचं एक टोक होतं. अम्मी म्हणते ते दिसणं हेच.

बटणांवरच्या खुणाही त्या कामातूनच आल्या. फीत डावीकडून उजवीकडे सरकते, म्हणून 'प्ले'चा त्रिकोण उजवीकडे तोंड करून. जोरात पुढे न्यायची तर दोन त्रिकोण. मागे न्यायची तर तेच दोन त्रिकोण उलट तोंडाने. थांबण्यासाठी चौकोन, क्षणभर थोपवण्यासाठी दोन उभ्या रेघा, ध्वनिमुद्रणासाठी लाल गोळा. पुढे आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाने अशा खुणा आपल्या मानकांत नोंदवल्या. जपानचा टेप असो की हॉलंडचा, खूण तीच. अक्षरओळख नसलेली बाईसुद्धा दोन दिवसांत टेप लावायला शिके. लिपी म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

रेकॉर्ड करायचं तर मात्र पुष्कळ टेपांवर 'प्ले' आणि लाल बटण, दोन्ही एकदम दाबावी लागत. कारण ध्वनिमुद्रण म्हणजे आधी पुसणं. फीत प्रथम पुसणाऱ्या हेडखालून जाते, मग नवा आवाज तिच्यावर चढतो. पुसलेलं परत येत नाही. म्हणून हुकूम एका बोटाने देता येऊ नये अशी योजना. शिवाय कॅसेटच्या पाठीवर प्लास्टिकचं एक चिमुकलं पातं असे. ते मोडून टाकलं की आतला एक खटका अडे आणि लाल बटण दाबलंच जात नसे. नानांच्या केबिनमधला अडसर तो हाच, फक्त नखाएवढा.

आमच्या घरी एक कॅसेट होती. साठ मिनिटांची, एका बाजूला तीस. तिच्यावर नानीचा आवाज होता. नानी पारोळ्याकडच्या खेड्यात वाढलेली. घरात आमची खानदेशी उर्दू, पण जात्यावर बसली की तिच्या तोंडी अहिराणी ओव्या येत. अब्बांनी कुणाचा तरी टेप मागून आणून त्या भरून घेतल्या होत्या, जात्याच्या घरघरीसकट. पुढे नानी गेली. पुढे आमच्या घरी स्वतःचा टेप आला. मी कॉलेजात जाऊ लागलो होतो. एका दुपारी रेडिओवर मला हवं असलेलं गाणं लागलं. मी हाताला आली ती कॅसेट घातली आणि दोन बोटांनी दोन बटणं दाबली.

वीस मिनिटांनी लक्षात आलं. पातं मोडलेलं नव्हतं. ते मोडायचं असतं हे आमच्या घरात कुणाला ठाऊकच नव्हतं.

अब्बा काही बोलले नाहीत. कॅसेट हातात घेऊन थोडा वेळ बसले, मग ती परत डब्यात ठेवली. उरलेल्या दहा मिनिटांत दोन ओव्या शाबूत राहिल्या. आपल्या बहिणाबाईंच्या ओव्या सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावाने ऐकून लिहून घेतल्या म्हणून १९५२ साली त्यांचं पुस्तक निघू शकलं. नानीचं मी काहीच लिहून घेतलं नव्हतं. मी पुढे कविता लिहायला लागलो, त्यात या दुपारचा वाटा किती हे मला सांगता येणार नाही. पण बटण ही साधी वस्तू नाही हे मला त्या दिवशी कळलं.

असो. आता दूरवरून चालणाऱ्या बटणाची गोष्ट.

निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या हौदात एक छोटी बोट सोडली आणि रेडिओ लहरींवर ती चालवून दाखवली. तारेशिवाय हुकूम पोचतो हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. घरात हे यायला पन्नास वर्षं गेली. अमेरिकेत शिकागोच्या झेनिथ कंपनीने १९५० साली टीव्हीसाठी 'लेझी बोन्स' नावाचा रिमोट काढला. आपण त्याला 'आळशीराम' म्हणू. त्याला लांब वायर होती आणि लोक तिच्यात पाय अडकून पडत. या कंपनीचे प्रमुख युजीन मॅकडॉनल्ड यांना टीव्हीवरच्या जाहिरातींचा मनस्वी तिटकारा. बसल्या जागेवरून जाहिरातीचं तोंड बंद करता आलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

१९५५ साली त्याच कंपनीच्या युजीन पॉली यांनी 'फ्लॅशमॅटिक' आणला. हा पिस्तुलासारखा टॉर्च. पडद्याच्या चार कोपऱ्यांत प्रकाश ओळखणारे चार डोळे, प्रत्येक कोपऱ्याला एक काम. पण कोणत्या कोपऱ्याचं काय काम हे लोक विसरत. आणि खिडकीतून ऊन आलं की टीव्ही आपोआप चॅनेल बदले! सूर्यनारायणाला कोण रागावणार?

दुसऱ्या वर्षी, १९५६ साली, व्हिएन्नात जन्मलेले रॉबर्ट ॲडलर यांनी यावर तोड काढली. त्यांच्या रिमोटमध्ये ॲल्युमिनियमच्या चार कांड्या होत्या, प्रत्येकीची लांबी वेगळी. बटण दाबलं की छोटी हातोडी कांडीवर बसे आणि माणसाला ऐकू न येणारा उंच स्वर निघे. टीव्ही तो ओळखे. त्यात बॅटरी नव्हती. सेल संपला तर लोकांना टीव्हीच बिघडला असं वाटेल, अशी विक्रेत्यांना धास्ती होती. म्हणजे प्रत्येक हुकमाचा एक सूर. ही मला फार सुंदर कल्पना वाटते. तिच्यात अडचण एवढीच, की किल्ल्यांचा जुडगा किंवा नाणी खुळखुळली तरी टीव्ही दचके. आणि सूर तरी किती बनवणार? १९७४ साली बीबीसीने टीव्हीच्या पडद्यावर बातम्यांची पानं दाखवायला सुरुवात केली. पान निवडायला शून्यापासून नऊपर्यंत आकडे हवेत. चार कांड्यांचं हे काम नव्हे.

इथून गोष्ट वेगळ्या वळणाला लागते. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सुरांची जागा अवरक्त प्रकाशाने घेतली, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाने. मोबाइलचा कॅमेरा रिमोटच्या टोकाकडे धरून बटण दाबा, बहुतेक वेळा जांभळट ठिपका लुकलुकताना दिसेल. हा प्रकाश सेकंदाला छत्तीस-अडतीस हजार वेळा उघडझाप करतो. ऊन आणि दिवे असे लुकलुकत नाहीत, म्हणून टीव्ही त्यांना फसत नाही. पॉलीसाहेबांची सूर्याची तक्रार अशी मिटली.

आणि या लुकलुकण्यातून जातं काय? जातो फक्त एक आकडा. फिलिप्सने तेव्हा रूढ केलेली 'आरसी-५' नावाची पद्धत घ्या. तिच्यात एका निरोपात चौदा खुणा, एक किंवा शून्य. एका भागात पत्ता: शून्य म्हणजे टीव्ही, पाच म्हणजे व्हिडिओ, वीस म्हणजे सीडी प्लेअर. दुसऱ्या भागात काम: ५३ म्हणजे प्ले, ५४ म्हणजे थांब, ५५ म्हणजे रेकॉर्ड. सगळा निरोप सेकंदाच्या चाळिसाव्या भागात संपतो. एक खूण तर केवळ यासाठी, की माणसाने बटण धरून ठेवलंय की सोडून पुन्हा दाबलंय हे समजावं. दर नव्या दाबण्याला ती उलटते. नाहीतर ११ नंबरचं चॅनेल लावताना दोनदा दाबलेला एक हा एकदाच दाबला, असं टीव्हीला वाटलं असतं.

म्हणजे 'प्ले'चं बटण काहीही चालवत नाही. ते ५३ म्हणतं आणि गप्प बसतं. ५३चा अर्थ काय हे पलीकडचा ठरवतो. पलीकडे ती यादी नसेल तर ५३ हा नुसता आकडा. एका कंपनीचा रिमोट दुसरीच्या टीव्हीला चालत नाही, तो यामुळेच. आम्हा दोन-तीन भाषांत राहणाऱ्यांना हे नवीन नाही. मराठीत 'शिक्षा' झाली की माणूस घाबरतो, हिंदीत 'शिक्षा' झाली की पेढे वाटतात. शब्द तोच, ऐकणाऱ्याची यादी वेगळी.

आपल्याकडे हे सगळं उशिरा आलं. दिल्लीला टीव्ही १९५९ साली, मुंबईला १९७२ साली. १९८४ नंतर छोटी प्रक्षेपण केंद्रं देशभर झाली आणि आमच्याकडे गच्च्यांवर अँटेना दिसू लागल्या. १९८७ साली 'रामायण' सुरू झालं, तेव्हा आमच्या मोहल्ल्यातही रविवारी सकाळी रस्ता ओस पडे. त्या टीव्हीला रिमोट नव्हता. कटकट आवाज करणारी गोल चकती होती आणि ती फिरवायला आम्ही मुलं होतो. "उठ, आवाज वाढव." घरातला सर्वांत धाकटा तो घरचा रिमोट. रिमोटची खरी गरज पडली ती १९९१ नंतर, केबलवर चॅनेलांची रांग लागल्यावर. पुढे २०१२ ते २०१७ या काळात केबल डिजिटल झाली, घराघरांत डबा आला आणि एकाचे दोन रिमोट झाले.

दरम्यान गाणी-सिनेमे संगणकात शिरले होते. टेपमध्ये बटण आणि पट्टी एकमेकांना जोडलेली होती, संगणकात जोडणारं काही नव्हतं. तेव्हा ती जोड कागदावर मांडावी तशी मांडावी लागली. लिनक्स वापरणाऱ्या हौशी मंडळींनी नव्वदच्या दशकात 'लर्क' नावाची प्रणाली तयार केली. रिमोटचा आकडा आला की आधी तिने त्याला नाव द्यायचं, उदाहरणार्थ 'प्ले'. मग दुसऱ्या यादीत पाहायचं: या नावाचं बटण आलं तर कोणत्या प्रोग्रॅमला कोणता हुकूम द्यायचा. ती यादी साध्या अक्षरांत लिहिलेली. ज्याला पाहिजे त्याने बदलावी. 'कोडी' नावाच्या प्लेअरमध्ये तर जो पडदा समोर असेल त्याचा नियम आधी पाहिला जातो, तिथे काही नसेल तर सर्वांसाठीचा नियम लागू होतो. बाण तोच, पण यादीत तो निवड सरकवतो आणि सिनेमा चालू असताना सिनेमा मागेपुढे नेतो. शब्दाचा अर्थ वाक्यावरून लागतो, तसंच हे.

यातून जुन्या खुणांचे अर्थही सरकले. दोन त्रिकोण म्हणजे फीत जोरात पुढे. आता फीत नाही, तरी त्रिकोण आहेत, आणि त्यांच्यापुढे एक उभी रेघ असली तर 'पुढचं गाणं'. 'प्ले' आणि 'पॉज' एकाच बटणात राहायला आले. गाणं चालू असेल तर ते थांबवतं, थांबलं असेल तर चालवतं. मागच्या गाण्याचं बटण तर बेरकी. गाणं बरंच पुढे गेलेलं असताना ते दाबलं की पुष्कळ प्लेअर तेच गाणं पहिल्यापासून लावतात, लगेच पुन्हा दाबलं तर मागे जातात. कानात घालायच्या इअरफोनला तर बटण एकच. पुष्कळांत एकदा दाबलं तर थांबा, दोनदा तर पुढचं, तीनदा तर मागचं. बटणं कमी झाली आणि सगळं ओझं माणसाच्या आठवणीवर आलं. ज्याची आठवण दगा देऊ लागली आहे, त्याने काय करायचं?

अम्मी म्हणते ते हेच. तिच्या बोटाखालचं बटण कालचंच आहे, पण त्याचा अर्थ एका यादीत आहे. ती यादी तिला दिसत नाही आणि ती तिने ठरवलेलीही नाही. त्यात आणखी एक भर पडली. २०११ सालापासून रिमोटवर नेटफ्लिक्स कंपनीच्या नावाची बटणं येऊ लागली, मग इतरांचीही आली. त्यांची खूण जगाने मिळून ठरवलेली नाही, ते विकलेल्या जागेवरचे फलक आहेत. जाहिरातीचं तोंड बंद करायला जन्मलेल्या वस्तूवर जाहिरात कोरली गेली. मॅकडॉनल्डसाहेब काय म्हणाले असते?

जुनं ते सोनं असं मला म्हणायचं नाही. नानांना त्या दांड्या ओढून ओढून पाठदुखी जडली होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी रिमोट म्हणजे मोठीच मोकळीक आहे. पण केबिनमध्ये आणि कॅसेटमध्ये चुकणाऱ्या माणसाचा विचार आधी केलेला होता. पुसण्याच्या हुकमाला दोन बोटं लागत. आज फोनमधला आवाज, फोटो, चित्रफीत पुसायला एक बोट पुरतं. मग पडद्यावर प्रश्न येतो, नक्की पुसायचं का? तो बहुधा इंग्रजीत असतो, आणि आपण तो न वाचताच 'हो' म्हणतो. सुदैवाने बऱ्याच फोनांत पुसलेलं काही दिवस कचऱ्याच्या डब्यात राहतं. ते कुठे असतं हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आपण दाखवलंय का?

श्रोतेहो, परवा धुळ्याला गेलो होतो. अम्मीच्या दोन्ही रिमोटांवर प्लास्टिकची पिशवी होती, ती काढली. तिला लागतात ती पाचच बटणं. त्यांच्यावर भाचीच्या नेलपॉलिशचे ठिपके दिले. चालू-बंदला लाल, आवाजाला गुलाबी, चॅनेलला शेंदरी. 'सोर्स'वर चिकटपट्टी लावून टाकली. नानांचा अडसर, दुसरं काय! मग तिला समोर बसवून पुन्हा पुन्हा दाबायला लावलं. ती दाबत होती आणि मी काही बोलत नव्हतो, फक्त बघत होतो. तिसऱ्या खेपेला तिला जमलं.

निघताना मी कपाटातून ती कॅसेट काढली. दोन ओव्या उरलेली. तिच्या पाठीवरचं पातं अजून तसंच होतं. इतकी वर्षं ती तशीच पडून होती. अम्मीसमोरच मी नखाने ते मोडलं.